जागेवर राहणारे मणी

गलबत गेलं दूर, दिसं शिडाचं टोक,
ओठावर आला बोल, बाई, तिथंच गो रोख.

आईचा आवाज. अंगणात बसून ती तांदूळ पाखडायची आणि सुपाच्या ठेक्यावर हे म्हणायची. नूरबानो तेव्हा एवढीशी होती. अब्बा मालवाहू बोटीवर खलाशी. ते पिशवी खांद्याला लावून कुंपणाबाहेर पडले की ती मागून धावायची, "अब्बा!" अशी हाक घशापर्यंत यायची, आणि तेवढ्यात आईचा पिठूळ तळवा तिच्या तोंडावर यायचा.

"जाणाऱ्याला मागून हाक मारू नये गो. पाय अडखळतो त्याचा. दर्या ऐकत असतो."

आई गेली, अब्बा गेले, त्या गावची खाडी गाळानं अर्धी भरली. तो पिठूळ तळवा मात्र नूरबानोच्या तोंडावरून कधी निघालाच नाही.

निकाह झाला आणि मेंदी उतरायच्या आत शरीफ आखातात गेला. तिथं तेलाच्या मोठमोठ्या टाक्यांवर ऑपरेटर. टाकी भरायची, टाकी रिकामी करायची. पेणला रामवाडीच्या घरी तो पाहुण्यासारखा यायचा, खजूर आणि अत्तर घेऊन, आणि गणपतीच्या मूर्तींच्या गाड्या हमरापूरकडून निघायच्या सुमाराला परत जायचा. मुलगी माहिरा जन्मली तेव्हा तो तिकडं, ती पहिल्यांदा चालली तेव्हाही तिकडंच. प्रत्येक वेळी तो "हे शेवटचं" म्हणायचा. प्रत्येक वेळी नूरबानो सुका जवळा, मिरगुंडं आणि आंबोशीची पुडी बांधून द्यायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "मी बघते इथलं. तुमी बिनघोर जावा."

हे वाक्य बोलून बोलून इतकं गुळगुळीत झालं होतं, की त्याच्याखाली काय दडलंय ते शरीफला कधी टोचलंच नाही.

मग माहिराचा निकाह झाला आणि शरीफ खरोखरच परत आला. "खलास," तो म्हणाला, "आता गुडघे पण बोलायला लागले. इथंच काय तरी करतो."

ते 'काय तरी' निकाहाच्या मांडवातच सापडलं. माहिराची कॉलेजातली मैत्रीण सुरभी रोह्याहून आली होती. मुंबईला एन्झाइमवर शिकलेली, बडबडी, चष्मा सारखा नाकावर घसरणारी. जेवणं उरकल्यावर आचारी तळणीचं काळं तेल गटारात ओतायला निघाला, तशी ती पानाचा विडा हातात घेऊन धावली.

"अहो ओतू नका! काकी, याला सांगा ना! याचं डिझेल होतं!"

"हिचं जेवण डोक्यात गेलंय," आचारी म्हणाला.

शरीफ हसला. पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यानं विचारलं, "नूर, ती पोरगी काय बोलत होती गो तेलाचं?" आणि पाऊस ओसरेपर्यंत शरीफ आणि सुरभीनं मिळून रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत एक छोटी शेड भाड्यानं घेतलीसुद्धा.

नूरबानो पहिल्यांदा शेडवर गेली तेव्हा सुरभीनं तिच्या तळव्यावर चिमूटभर मणी ठेवले. खसखशीहून जरासे मोठे, फिकट, दिसायला काहीच नाही.

"हेच आपले कामगार, काकी."

"हे?"

"यांच्यावर एन्झाइम चिकटवून बसवलंय. आपल्या पोटात चरबी पचवणारं असतं ना, त्याच्याच जातीचं. ते सुटं टाकलं तर तेलाबरोबर वाहून जातं, एकदा कामाला आलं की संपलं. पण मण्यावर बांधून ठेवलं की जागचं हलत नाही. तेल येतं, तेल जातं, हे तिथल्या तिथं. आलेल्या तेलाला मिथेनॉलशी जोडून देतं, डिझेल करून पुढं पाठवतं, आणि पुन्हा नवीन तेलाची वाट बघत बसतं."

"कास्टिक घालूनपण होतं की डिझेल," शरीफ कॉलमच्या गेजवर डोळा ठेवून म्हणाला. माणसाएवढा उंच स्टीलचा नळा, आत हे मणी ठासून भरलेले, बाहेरून कोमट पाण्याचं वेष्टण. "पण आपलं तेल वड्यांचं. सतरा वेळा तापलेलं, आंबलेलं. कास्टिक घातलं की निम्म्याचा साबण. हे मणी आंबट तेलालाही नाय घाबरत."

"फक्त मिथेनॉल थोडं थोडं द्यायचं," सुरभी म्हणाली. "एकदम ओतलं तर बिचारी मरतात."

नूरबानोनं मुठीतले मणी परत डबीत झटकले, एकही खाली सांडू दिला नाही. तेल येतं, तेल जातं, हे तिथल्या तिथं. तिला आपलंच दार आठवलं, आपलाच उंबरठा. जागेवर राहणाऱ्याचंही काम असतं, हे कुणीतरी इतक्या सरळ शब्दांत म्हणालेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

सुरुवातीचं तेल शरीफनं स्वतःच आणलं. वडखळ नाक्यावर वड्यांच्या गाड्या ओळीनं उभ्या असतात. त्यांचं उरलेलं तेल प्लॅस्टिकच्या कॅनमधून टेम्पोत, आणि टेम्पो रोह्याला. मण्यांची पहिली थैली छान चालली. कॉलमच्या खालून पिवळं धमक काहीतरी यायचं, टाकीत निवांत ठेवलं की दोन थर व्हायचे, खाली घट्ट ग्लिसरीन, वर पातळ डिझेल. शरीफ काचेची बाटली उजेडात धरून बघत राहायचा. चाळीशी उलटून कधीच पुढं गेलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर तेव्हा नवा सदरा मिळालेल्या पोराची चमक असायची.

नूरबानो ती चमक बघायची आणि मनात म्हणायची, राहील. आता हा माणूस राहील.

म्हणून मग ती स्वतःच कामाला लागली. शरीफनं एवढ्या लांब फिरायला नको, तेल आपणच गोळा करू. जोडीला तिनं जोह्याची धोंडुबाई घेतली. धोंडुबाई आगरी, पोह्याचे पापड करणारी. पेणच्या बाजारात दोघी शेजारी शेजारी बसून म्हातारपणाकडे निघालेल्या. धोंडुबाईच्या तोंडात मिश्री आणि जिभेवर गाणं, दोन्ही कायमचं. पेणमधली फरसाणवाली, खानावळी, लग्नाचे आचारी, सगळीकडून तेल येऊ लागलं. कॅन पुरेनात, तेव्हा धोंडुबाईनं आपले पत्र्याचे पंधरा किलोचे डबे काढले.

"डबे आरशासारखे हवेत हां," नूरबानोनं बजावलं. "कारखाना हाय तो. घाण गेली तर बिघडल."

"मना शिकवतंस?" धोंडुबाई म्हणाली आणि घासायला बसली. तिच्या अंगणाला लागूनच गणपतींचा कारखाना. कच्च्या पांढऱ्या मूर्ती उन्हात वाळत असायच्या, आणि त्यांच्या शेजारी ओळीनं डबे. मूर्ती तेवढ्या चमकत नव्हत्या, डबे चमकत होते. घासता घासता धोंडुबाई गायची:

डबा गो घासला, सोन्यावानी दिसला,
डब्यात तोंड बघून रोह्याचा नवरा हसला.

"माझाच नवरा का गो?" नूरबानो लटकी रागवायची.

"मग कोनाचा? माझा तं रोज हसतं, दारू पिऊन."

आणि तिथूनच काम बिघडायला लागलं.

आधी नळ्यातून तेल हळू येऊ लागलं. मग अडकू लागलं. सुरभीनं मणी काढून बघितले तर एकमेकांना चिकटून गोळे झालेले, हाताला बुळबुळीत. पहिली थैली गेली. दुसरी भरली, तीही आठवडाभरात बसली. सुरभीनं तेल गाळलं, वाळवलं, मिथेनॉल कमी केलं, पाण्याची ऊब कमी-जास्त करून पाहिली. काही उपयोग नाही. आता एकच थैली उरली. मणी बाहेरदेशातून येतात. पुन्हा मागवण्याची ऐपत ना सुरभीची होती ना शरीफची.

अशा वेळी फोन येतोच. शरीफचा चुलतभाऊ आकिब तिकडून बोलत होता. शरीफनं फोन स्पीकरवर ठेवला होता, नूरबानो कांदा चिरत होती.

"भाईजान, तुमची जुनी जागा खाली झालीय. साहेबानं तुमचंच नाव काढलं. व्हिसा आठवड्यात निघंल. शुक्रवारच्या नमाजनंतर सांगा मला, व्हय का नाय."

शरीफनं फोन ठेवला. मग म्हणाला, "ही शेवटची थैली. हीसुद्धा बसली तर सुरभीला सांगतो, बेटा, सोड शेड. मी जातो."

तो तिच्याकडं बघत होता. नूरबानोनं कांदा चिरला. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कांद्याचं एक बरं असतं, कुणी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं जोह्याला गेली ती सरळ धोंडुबाईच्या डब्यांपाशी. "धोंडूबाय, अजून घासू या. आपल्याच डब्यात काय तरी घाण राहत असंल."

"एवढं घासून?"

"अजून."

दोघी मिळून घासायला बसल्या. नूरबानोच्या बोटांची सालं निघाली. तिला वाटत होतं, डबा जितका लख्ख होईल तितका शरीफ इथं राहील.

गुरुवारी सकाळी सुरभी स्वतःच जोह्याच्या अंगणात येऊन थडकली. मागून शरीफ. सुरभीच्या हातात दोन बाटल्या होत्या.

"काकी, हे बघा. हे वडखळचं, काकांनी कॅनमधून आणलेलं तेल. हे तुमच्या डब्यातलं. दोन्हीत गरम पाणी घातलंय." तिनं दोन्ही बाटल्या खुळखुळवल्या. वडखळच्या तेलावर दोन-चार बुडबुडे आले आणि फुटले. डब्यातल्या तेलावर पांढरा फेस चढला आणि बसूनच राहिला.

"दूध उतू आल्यावानी," धोंडुबाई म्हणाली.

"दूध नाही, साबण. तेलात कुठून तरी खार जातोय. मी तेल तपासलं, मणी तपासले, नळ तपासले. डबे बघायचे राहिले. मावशी, डबे कशानं घासता?"

धोंडुबाईचा चेहरा उजळला. आपल्या कामाची कुणीतरी नीट चौकशी केली होती. ती आत गेली आणि एक गोणपाटाची पिशवी घेऊन आली. "यानं. साबनानं नाय जात गो तेलाचा चिकटा. यानं कसा लोन्यावानी सुटतं. पापड करनाऱ्या समद्या बायका हेच वापरतान."

पिशवीत पांढरी भुकटी. सुरभीनं चिमटीत घेऊन पाहिली.

"पापडखार," ती हळूच म्हणाली.

"व्हय. आनि मी धुवून कोरडा करतंय. धुतल्यावर वास नको म्हनून वरसून पुन्ना एक चिमूट भुरभुरतंय."

शरीफनं कपाळाला हात लावला, पण सुरभीनं त्याला डोळ्यांनीच थांबवलं. "मावशी, हळद आहे?"

हळद आली. सुरभीनं एका चकचकीत डब्याच्या आतून ओला हात फिरवला आणि त्या ओल्या पत्र्यावर चिमूटभर हळद टाकून बोटानं पसरली. पिवळा रंग पसरता पसरता गडद झाला, मग केशरी, आणि बघता बघता तांबडालाल.

धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. "जल्लं मेलं! डब्याला कुंकू लागलं!"

"खार लागला की हळद लाल होते," सुरभी म्हणाली. "कुंकू तसंच तर करतात. डब्यात खार राहतो. तेल आंबट, खार आणि आंबट तेल भेटले की साबण. साबण मण्यांवर बसतो, त्यांची तोंडं बंद करतो. कास्टिकनं साबण होतो म्हणून आपण मणी आणले, आणि..."

"आणि आमी खार घेऊन मागल्या दारानं गेलो," नूरबानो म्हणाली. "मीच म्हणाले, डबे आरशासारखे पाहिजेत. रोज म्हणाले. काल पण."

ती मटकन डब्यावर बसली. तिला वाटलं, आता सगळे गप्प होतील. पण शरीफच्या पोटातून काहीतरी वर आलं, आणि तो चक्क हसायला लागला. आधी थोडं, मग पोट धरून.

"म्हणजे गटारात जायचं तेल मण्यांना चाललं! जळकं चाललं, आंबट चाललं! फक्त नूरबानोची स्वच्छता नाय चालली!"

"हसा," नूरबानो म्हणाली. पण तिलाही हसू फुटलं होतं, डोळे पुसता पुसता.

"मंग आता राखंनं घासू?" धोंडुबाईनं गंभीरपणे विचारलं.

"नको!" सुरभी किंचाळलीच. "राखेतही खारच असतो."

"मातीनं?"

"माती तेलात जाईल."

"मंग काय जिभेनं चाटू?"

नूरबानोनं इकडं तिकडं पाहिलं. कोपऱ्यात तांदळाच्या कोंड्याचं पोतं होतं, धोंडुबाईच्या म्हशीचं. "कोंड्यानं कोरडे पुसले तर? तेल शोषून घेतो. पाणीच नको, खार नको."

सुरभीनं क्षणभर विचार केला. "चालेल. मस्त चालेल. आणि तेलकट कोंडा म्हशीला घालू नका बरं का, चुलीत घाला."

"म्हस रुसंल," धोंडुबाई म्हणाली आणि पोतं ओढायला लागली.

त्या दिवशी जोह्याच्या अंगणात कुंकवाचे डबे गरम पाण्यानं धुतले गेले, पुन्हा धुतले गेले, आणि प्रत्येकात हळद टाकून बघितली गेली. हळद पिवळी राहिली की धोंडुबाई "पास!" म्हणून ओरडायची. तिकडं मूर्ती रंगवणारे कारागीर ब्रश हातात धरून बघत होते, की या बायका डब्यांना हळद का लावतायत. कुणीतरी विचारलंच, "लगीन कोनाचं गो?"

"तेलाचं!" धोंडुबाई म्हणाली. "नवरा रोह्याचा!"

शुक्रवारी सकाळी शेवटची थैली कॉलममध्ये गेली. आधी बसलेले मणी सुरभीनं एका द्रावणानं धुवून काढले होते. काही मेले ते मेले, पण बरेच पुन्हा जागे झाले होते, आणि तेही तिनं वरच्या थरात भरले. नूरबानो त्या दिवशी मुद्दाम रोह्याला आली होती. तिला तिथं काही काम नव्हतं. ती स्टुलावर बसून राहिली. शरीफनं व्हॉल्व्ह उघडला, पंप घुरघुरला. कोंड्यानं पुसलेल्या डब्यांतलं तेल नळ्यात चढलं. मिथेनॉल थेंब थेंब.

पहिली धार यायला वेळ लागला. मग आली. बारीक, पण न तुटणारी. तासाभरानंतरही तशीच. दुपार झाली तरी तशीच. सुरभी सारखी गेजपाशी जायची, सारखी परत यायची. शेवटी तिनं बाटलीत नमुना घेतला, गरम पाण्यात हलवला. फेस आला आणि लगेच विरला.

"काका," ती म्हणाली आणि चष्मा काढून पुसत राहिली.

टाकीत दोन थर झाले तेव्हा जुम्म्याच्या नमाजची वेळ झाली होती. शरीफ टोपी घालून रोह्याच्या मशिदीकडं गेला. नूरबानो शेडमध्येच सावलीला उभी राहिली, हात पसरले, पण काय मागायचं ते तिला एकाएकी सुचेना. जे मागितलं होतं ते तर समोरच्या टाकीत हळूहळू निवळत होतं.

चार वाजता शरीफनं टेम्पोत आपलं डिझेल भरलं. थोडं बाजारातलं, थोडं हे. सुरभीनं हट्टच धरला होता, आधी मिसळून बघा. टेम्पो खाकरला, थांबला, पुन्हा खाकरला, आणि सुरू झाला. धुराला वड्यांचा वास. शेजारच्या शेडवरचा वॉचमन बाहेर येऊन हुंगत म्हणाला, "काय हो, गरमागरम हायत का?"

"घरी जाऊन देतो!" शरीफ ओरडला.

नूरबानो त्याच्या शेजारी बसली आणि टेम्पो नागोठण्याच्या दिशेनं निघाला. वाटेत भिसे खिंडीचा चढ. जुना टेम्पो इथं नेहमी हटून बसायचा; आज तो कुरकुरत, वास सोडत, वळणामागून वळण चढत गेला. शरीफ स्टिअरिंगवर थाप मारून त्याला "यल्ला, यल्ला" करत होता, चल, चल म्हणायची आखातातली सवय. चढ संपला तसा त्यानं टेम्पो कडेला घेतला. इंजिन जरा निवू दे म्हणाला. खाली झाडांच्या पलीकडं कुंडलिकेचं खोरं ऊन पीत पडलं होतं. माकडांची एक टोळी कठड्यावर बसून टेम्पोकडं संशयानं बघत होती.

"वड्याच्या वासानं आलीत," शरीफ म्हणाला.

ती हसली. तिला वाटलं, आयुष्यात इतकं हलकं आपण कधी बसलो नव्हतो.

मग तो म्हणाला, "नमाजनंतर आकिबला फोन केला."

"हां? काय सांगितलंत?"

"व्हय म्हणालो."

नूरबानोला आधी नीट कळलंच नाही. "व्हय म्हणजे?"

"म्हणजे जातो. ऐक तर." तो तिच्याकडं वळला. त्याचा चेहरा उत्साहानं भरला होता, तीच ती बाटली उजेडात धरतानाची चमक. "हे बसलं असतं तर हरून गेलो असतो. आज जिंकून जातो. मणी चालले, नूर! आता काय, सुरभी हाय, डोकं हाय तिच्याकडं. तू हायस, धोंडूबाय हाय, तेल येतंय. काम तुमच्यावाचून अडंल, पण माझ्यावाचून चालतंय ते. मी तिकडून दोन वर्सं मारतो, मण्यांच्या थैल्या येतील, दुसरा कॉलम येईल. एकदाच. शेवटचं."

खालून एक ट्रक घरघरत वर आला, त्यांना ओलांडून पलीकडं उतरला. आवाज विरला.

तिनं जे मागितलं होतं ते सगळं झालं होतं. थैली वाचली, शेड वाचली, पोरीची मेहनत वाचली. आणि त्याच गोष्टीनं शरीफच्या पायांतली शेवटची बेडी सुटली होती. काम बंद पडलं असतं तरी तो जाणार होता, काम चाललं तरी जाणार. कामाला काय कळतंय? काम काही कुणाला थांबवत नाही.

शरीफ वाट बघत होता. काय ऐकायचं ते त्याला पाठ होतं. मी बघते इथलं, तुमी बिनघोर जावा. ते वाक्य तिच्या जिभेवर आपसूक येऊन उभंही राहिलं, जुन्या नोकरासारखं, हात बांधून. तिनं त्याला बाजूला सारलं. मागं उरलं ते बोलायला तिला शब्दच माहीत नव्हते. इतकी वर्षं कुणी वापरलेलेच नव्हते.

"गप का?" शरीफ म्हणाला. "बघशील ना इथलं?"

"नाय," नूरबानो म्हणाली.

तो दचकला. "नाय म्हणजे? बरं नाय वाटत का? चक्कर येते?"

"चक्कर नाय." सालं निघालेली बोटं तिनं एकमेकांत अडकवली. "माहिराला पहिला दात आला तेव्हापण बरं नव्हतं वाटत. ती तापात फणफणली होती तेव्हापण. दर ईदला. तुमची पिशवी बांधताना दर वेळी."

"मग बोलायचं नाय का गो? कधी एक शब्द..."

"आता बोलते. ऐकून घ्या, मधी बोलू नका, नायतर राहून जाईल."

शरीफनं चावी फिरवून टेम्पोचं इंजिन बंद केलं. खिंडीत एकदम शांत झालं.

"जाऊ नका," नूरबानो म्हणाली. "पहिल्या खेपेलाच मला वाटत होतं, तुमी जाऊ नये. आतापण नको. कामासाठी नाय म्हणत, काम सुरभी करील, मी करीन. मला तुमी घरात हवे. माझ्यासाठी."